गाडी दिवसभर चालली, तरी मागची बॅटरी उतरलेलीच? आधी हे तपासा

मिरवणुकीत किंवा प्रचारात फिरणारी पिकअप तुम्ही पाहिली असेलच. पुढे इंजिनाजवळ गाडीची बॅटरी आणि मागे हौद्यात भोंगा-दिव्यांसाठी दुसरी. गाडी चालू असताना अल्टरनेटरने दोन्ही बॅटऱ्या चार्ज कराव्यात म्हणून पुढून मागे वायर ओढलेली असते. अमेरिका-ऑस्ट्रेलियात लोक गाडीमागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, ओढत नेतात. त्यातल्या बॅटरीचंही असंच असतं. तक्रारही सारखीच: दिवसभर गाडी चालवली, तरी रात्री बॅटरी उतरली! मग 'बॅटरीच खराब' म्हणून काही हजार रुपये घालून नवी आणतात. तीही उपाशीच राहते.

म्हणून दुकानात जाण्याआधी मल्टिमीटर घ्या. डीसी व्होल्ट, २० ची रेंज. (लाल पिन १० अँपिअरच्या भोकात नाही ना, हे बघा. तशीच बॅटरीला लावली तर शॉर्ट सर्किट होईल.)

इंजिन बंद ठेवून मागची बॅटरी मोजा. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर साधारण १२.६ व्होल्ट, अर्धी असेल तर १२.२ च्या आसपास. आता इंजिन सुरू करा आणि पुन्हा मोजा. आकडा अजिबात हलला नाही, तर वीज मागे पोचतच नाही. फ्यूज, रिले, सैल टर्मिनल, त्यावरची पांढरी-हिरवी बुरशी बघा. बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आकडा वाढला, पण १३ च्या थोडाच वर अडकला तर? इथे खरी गंमत आहे. पुढच्या बॅटरीवर मोजा. तिथे १४.२ असेल तर अल्टरनेटर ठीक आहे, मधली वायर व्होल्ट खाते आहे. ओहमचा नियम आठवा: V = I × R. २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम. जायची पाच आणि यायची पाच, अशी दहा मीटर वायर धरा. १० अँपिअर वाहिले की ०.७४ व्होल्ट वाटेतच गेले! मागे उरले १३.५ च्या आत. तेवढ्यावर बॅटरी भरते, पण फार सावकाश. दोन तासांच्या फेरीत पोट भरत नाही. तीच वायर १० चौरस मिमी केली तर नुकसान ०.२ व्होल्टच्याही खाली येतं. म्हणजे खर्च वायरवर करायचा, बॅटरीवर नाही.

एक फसगत मात्र टाळा. मागची बॅटरी आधीच भरलेली असेल, किंवा वायर बॅटरीपासून सोडवून नुसतं टोक मोजलं, तर १४.२ छान दिसेल. कारण धाराच वाहत नाही. I जवळपास शून्य, मग घटही शून्य. मोजमाप करायचं ते बॅटरी अर्धी उतरलेली असताना, जोडलेली ठेवून.

काही नव्या गाड्यांत पुढची बॅटरी भरली की अल्टरनेटर स्वतःच व्होल्ट कमी करतो. तिथे जाड वायरही पुरत नाही. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो.

मुलांनो, हे मोठ्यांसोबतच करा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ काडी पेटवू नका. वायर बदलताना पुढच्या बॅटरीजवळ फ्यूज टाकायला मेकॅनिकला नक्की सांगा, कारण जाड वायर शॉर्ट झाली तर गाडीच पेटू शकते.