जुन्या आवृत्तीवरचा इशारा स्पष्ट का हवा?

टोकियोच्या एदोगावा प्रभागाने मे २०१९ मध्ये पूरधोक्याचा नवा नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या मुखपृष्ठावर ‘इथे राहून चालणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य ठळकपणे छापले होते. निशिकासाईतील अनेक भारतीय कुटुंबे याच सखल प्रभागात राहतात. प्रशासनाच्या सौम्य भाषेला सरावलेल्यांना ते वाक्य उद्धट वाटले असेल. पण काय करायचे, हे त्यातून लगेच कळत होते.

सामायिक पानांवरील इशाऱ्यांत नेमकी हीच स्पष्टता आढळत नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात पानाची प्रत्येक आवृत्ती जपली जाते आणि कोणतीही जुनी आवृत्ती उघडून संपादित करता येते. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. खोडसाळ बदल पुसून पूर्वस्थिती आणण्याचा तो सोपा मार्ग आहे. म्हणूनच प्रणाली अशा संपादनाला अडवत नाही. दोघांनी एकाच वेळी पान बदलले, तर ती संघर्ष दाखवते. जुनी आवृत्ती जतन करणे मात्र ती हेतुपुरस्सर केलेली कृती मानते आणि केवळ वरच्या बाजूला सूचना देते: नंतरचे बदल नाहीसे होतील.

समजा, रहिवाशांच्या सामायिक पानावर आश्रयस्थळाचा पत्ता बदलला आहे. कोणी गप्पांच्या गटातील जुना दुवा उघडून फक्त एक दूरध्वनी क्रमांक सुधारला आणि जतन केला, तर क्रमांक बरोबर होतो, पत्ता मात्र मागे जातो. इतिहासात नवा पत्ता शाबूत असतो, हे खरे. परंतु वादळाच्या रात्री इतिहास कोण चाळतो?

एकाच छापाची पट्टी रोज पाहून डोळे ती टाळू लागतात. त्याऐवजी ‘ही १२ मार्चची प्रत आहे, त्यानंतर ९ बदल झाले, जतन केल्यास ते पानावरून जातील’ असे सांगावे, जाणारा मजकूर दाखवावा आणि ‘चालू प्रत उघडा’ हे बटण ‘जतन करा’च्या आधी ठेवावे.

शब्दांचा घोळ जपाननेही अनुभवला आहे. स्थलांतराचा ‘सल्ला’ व ‘आदेश’ यांतील भेद नागरिकांना उमगत नव्हता. अखेर २० मे २०२१ पासून ‘सल्ला’ रद्द झाला आणि ‘आदेश’ तेवढा उरला.