चटणीच्या खोलीतला कॉम्प्युटर

‘‘वैनी, ह्यात आता काय राम राहिला नाही बघा. भंगारात घाला आन् नवीन घ्या.’’

दुकानातल्या मुलाने आमचा कॉम्प्युटर उघडूनसुद्धा बघितला नाही. ३८ हजारांचं कोटेशन मात्र लगेच छापून दिलं. आम्ही तिघी जणी तो डबा मांडीवर घेऊन रिक्षातून परत आलो. वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही. ही २०२५ च्या गणपतीनंतरची गोष्ट.

मैत्रिणींनो, हा कॉम्प्युटर माझ्या घरचा नव्हे, आमच्या बचत गटाचा. २०१२ साली घेतलेला. आम्ही कांदा-लसूण चटणी करतो. ऑर्डरी, पाकिटावरची लेबलं, सभासदांचे हप्ते, बँकेला द्यायचे अर्ज, सगळं त्याच्या पोटात. २०१९ च्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा मिरचीच्या पोत्यांआधी आम्ही त्याला वरच्या मजल्यावर नेलं होतं. आता मात्र सकाळी बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन कप विसळून यावं, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं.

३८ हजार म्हणजे दिवाळीला सभासदांत वाटायचा जवळजवळ सगळा नफा. बैठकीत दोन तट पडले. तरुण मुली म्हणाल्या, घेऊनच टाकूया. आमच्यातल्या सगळ्यात वडील आक्का, ज्यांनी आयुष्यात माऊसला हात लावलेला नाही, त्या म्हणाल्या, ‘‘मिक्सरची मोटर जळली तर भरून आणतोयच की. ह्याचं नेमकं काय बिघडलंय, ते तरी इचारा कुणीतरी.’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का, तर मी एमएस-सीआयटी केलेलं! तेही २००४ मध्ये, लग्नानंतर. शिक्षण बी. ए. मराठी. मी सरळ पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या भाचीला बोलावलं.

तिने आधी काय केलं असेल, तर हप्त्यांचा सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. ‘‘मावशी, हे झाल्याशिवाय स्क्रू ढिला करायचा नाही.’’ मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. एक तक्ता आला. त्यात प्रोसेसर निवांत होता, आणि ‘डिस्क’ या शब्दाखाली शंभर टक्के. म्हणजे दुखणं तिथं होतं.

मला समजलं ते असं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते आणि एक काटा तिच्यावर माहिती शोधत हिंडतो. वर्षानुवर्षांच्या फायली विखुरलेल्या, त्यामुळे काट्याची नुसती धावपळ. हल्लीच्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, पेनड्राइव्हसारख्या चिप्स असतात, म्हणून ती चटकन देते. हे झालं फडताळ. रॅम म्हणजे आपला ओटा. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं. आमचा ओटा ४ जीबीचा, आणि शेजारी एक खाच रिकामी! दुकानातला मुलगा ‘राम नाही’ म्हणाला, ते थोडंफार खरंच होतं म्हणायचं.

मग डबा उघडला, आणि आम्ही सगळ्या शिंकत बाहेर पळालो. पंख्यावर लाल तिखटाचा थर! तेरा वर्षं चटणीच्या खोलीत बसलेला तो, दुसरं काय होणार? पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि तापला की आपला वेग आपणच कमी करतो. वायर काढून, कोरड्या रंगाच्या ब्रशने, नाकाला ओढणी बांधून ते सगळं झाडलं. ओलं फडकं अजिबात लावायचं नाही.

आणखी एक जुनी तक्रार होती. रोज तारीख मागं जायची आणि बिलावर २०१२ छापून यायचं. कधी कधी इंटरनेटवरची पानंही उघडायची नाहीत. आम्हाला वाटायचं व्हायरस. निघाला रुपयाएवढा एक सेल! आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. तारीखच चुकीची असली की सुरक्षित पानांची कागदपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटतात. तीस रुपयांचं काम, आणि आम्ही दोन वर्षं बिलं हातानं खोडत होतो.

खरेदीत मी एक घोळ घातला. ‘रॅम द्या’ म्हटलं, त्यांनी दिली, घरी आणली तर खाचेत बसेना. आमच्या मशिनला डीडीआर-३ लागते, ती डीडीआर-४ होती. दोघींच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. तेव्हा जुनी काढून पर्समध्ये घालून न्या, ब्लाउजपीस मॅचिंगला नेतो तशी. शेवटी खर्च झाला तो असा: २५६ जीबीची एसएसडी १७५०, जुनी वापरलेली रॅम ५००, सेल ३०, प्रोसेसरवरची पेस्ट ८०. काढलेल्या हार्ड डिस्कला ३५० रुपयांचं केसिंग घातलं, ती आता हिशेबाची दुसरी प्रत ठेवायला. एकूण २७१०. चहा टाकायलाही वेळ मिळत नाही, इतक्या लवकर सुरू होतो.

पण खरी धडकी पुढे भरली. नव्या डिस्कवर लेबलची फाईल उघडली, तर ‘कांदा-लसूण चटणी’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कसल्या कसल्या खुणा. दहा वर्षांचे अर्ज, ठराव, सगळं तसंच! जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते मोबाइलवरही वाचता येतं. आमचाच फॉन्ट जुन्या डिस्कवरून परत टाकला आणि जीव भांड्यात पडला. आता आम्ही रोज दुपारी पाळीपाळीनं एकेक ठराव युनिकोडमध्ये टाइप करतोय. त्या निमित्तानं तिघी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकल्या.

सगळंच काही जुन्यावर भागत नाही, हेही सांगते. मदरबोर्ड जळालेला असेल तर पैसे घालू नका. आणि आमच्या मशिनवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो, आमचा तिसऱ्या पिढीतला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर पुढची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. म्हणून बैठकीत ठरलं, बँकेचे व्यवहार या कॉम्प्युटरवर करायचे नाहीत, शाखेत जाऊनच करायचे. भाचीने लिनक्स मिंट नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं, त्याला पैसे पडत नाहीत. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात, असं तिनं सांगितलं. प्रिंटर लगेच चालला. लेबलच्या ओळी मात्र थोड्या सरकल्या, त्यावर अजून खटपट चालू आहे.

दिवाळीचं वाटप ठरल्याप्रमाणे झालं. कॉम्प्युटर आता चटणीच्या खोलीतून बाहेर, सोप्यात आणलाय. आक्कांनी त्याच्यासाठी जुन्या साडीचं झाकण शिवलंय, फक्त ते तो बंद असतानाच घालायचं, हे त्यांना रोज सांगावं लागतं.