वर्गाची पूर्वमशागत




कारखान्याचा पट्टा पडला की दुसऱ्या दिवसापासून ओव्हरहॉलिंगला हात घातला जातो. मिलचे रोलर निघतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप-मोटारी उघडल्या जातात. गाळप बंद असताना एवढी माणसे कशाला, असे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. ऐन हंगामात मिल बंद पडली तर काय होते, हे ज्याचा ऊस तोडून फडात वाळत पडला आहे त्याला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून आपण रोलर पूजनाला जातो, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाला जातो आणि संचालकांना विचारतो, “काय, यंदा वेळेवर सुरू होतंय ना?”

गावातल्या प्राथमिक शाळेचाही असाच ऑफ सीझन असतो. मे महिन्याची सुट्टी संपते आणि जूनच्या मध्याला, विदर्भात जूनच्या अखेरीला, घंटा होते. त्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत पहिलीचा वर्ग कसा तयार होतो, इकडे मात्र आपले लक्ष नसते. ते दिवस आपल्याही गडबडीचे. खोडव्याला खताचा हप्ता द्यायचा असतो, आडसालीचे रान धरायचे असते, पावसाकडे डोळे लागलेले असतात. ऊस विकास खात्याचा माणूस उसाचे सोडून शाळेवर कुठे घसरला, असे कोणी म्हणेल. त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा. ऊस यात आहेच.

रंग मारला म्हणजे वर्ग तयार झाला नव्हे

वर्गाची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चुना, रंग आणि झेंडूची तोरणे येतात. ती असावीत, पण त्याआधीची कामे वेगळी आहेत. दोन महिने बंद असलेल्या खोलीत पहिल्यांदा मोठ्या माणसाने जावे. कपाटामागे, फळ्यामागे, आढ्याला गांधीलमाश्यांचे पोळे, विंचू-काटा काही आहे का ते काठीने बघावे. कौले फुटली असतील ती बदलावीत, पत्र्याचे ढिले स्क्रू आवळावेत. हे काम पहिल्या पावसाच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे. विजेच्या उघड्या तारा आणि फुटके स्विच वायरमनकडूनच दुरुस्त करून घ्यावेत. पाण्याची टाकी रिकामी करून घासावी, ब्लीचिंग पावडरने धुवावी. स्वच्छतागृहात पाणी येते का आणि मुलींच्या बाजूच्या दाराला आतून कडी आहे का, हे पाहावे. कडी नसली तर मुलगी दिवसभर पाणी प्यायची टाळते आणि घरी कोणाला सांगत नाही.

फळ्याचेही तसेच. सहा वर्षांच्या मुलाचा हात गुरुजींच्या फळ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून भिंतीला खालच्या बाजूने, मुलाच्या गुडघ्यापासून डोक्यापर्यंत येईल असा काळ्या रंगाचा पट्टा मारून घ्यावा. एका डब्यात काम होते आणि सगळी मुले एकाच वेळी खडू चालवू शकतात. गोष्टींची पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर किंवा खालच्या फळीवर ठेवावीत. पुस्तक फाटले तर चिकटवता येते. न उघडलेले पुस्तक वाळवीला मात्र चांगले लागते.

मोजायला शिकवण्याचे साहित्य विकत आणावेच लागते असे नाही. चिंचोके, खडे आणि तुरीच्या काड्या पुरतात. दहा काड्यांची एक जुडी बांधली आणि तिला ‘मोळी’ म्हटले की आपल्या भागातल्या मुलाला दशक आणि एकक वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन मोळ्या आणि तीन सुट्या म्हणजे तेवीस. शब्दांच्या चिठ्ठ्या करतानाही तसेच करावे. ‘क’ कमळाचा असतो हे खरे, पण मुलाने कमळ पाहिलेले नसते. कोयता त्याने रोज पाहिलेला असतो.

पटावर नाव, मग बाकीचे

बेणे मळ्यातून आणताना आपण नऊ ते अकरा महिने वयाचे, रोगमुक्त, फुगीर डोळ्याचे बेणे बघून घेतो. शाळेला मात्र निवड करता येत नाही आणि करायचीही नसते. गावातले सहा वर्षांचे प्रत्येक मूल हे शाळेचेच. त्यासाठी शिक्षक अंगणवाडीची यादी घेतात, घरोघर फिरतात आणि दाखलपात्र मुलांची नोंद करतात. जन्माचा दाखला नाही, आधार कार्ड झालेले नाही, अशा कारणाने मूल घरी ठेवू नये. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे.

२०२२ सालापासून आपल्या राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे भरतात. एक मेळावा एप्रिलच्या सुमारास आणि दुसरा शाळा उघडताना होतो. मुलाला उड्या मारता येतात का, गोष्ट ऐकून दोन वाक्ये बोलता येतात का, कमी-जास्त कळते का, हे खेळातून पाहतात आणि मधल्या सुट्टीत आईने घरी काय करून घ्यायचे ते सांगतात. वस्तीवरच्या चार-पाच आया एकत्र बसून हे करतात. ही परीक्षा नव्हे. त्यामुळे “आमच्या पोराला काय येत नाही” म्हणून मेळावा चुकवू नये. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच तो आहे.

अनेक गावांत शाळा द्विशिक्षकी आहे. साठपर्यंत पट असेल तर कायद्याच्या हिशेबाने दोनच शिक्षक मिळतात आणि वर्ग चार-पाच असतात. बाई पहिली-दुसरी एकत्र घेतात. म्हणून पहिलीच्या वर्गाची मांडणी अशी हवी की एक गट बाईंजवळ शिकत असताना दुसरा गट मोळ्या बांधत, चित्र काढत, पुस्तक चाळत आपला आपण गुंतून राहील. ही सोय आधी केलेली नसली तर अर्धा वेळ “गप बसा” म्हणण्यातच जातो.

पहिल्या पंधरवड्यात बाराखडीची घाई करू नये, असे जाणते शिक्षक सांगतात. गाणी, गोष्टी, मातीकाम, एकमेकांची नावे. मूल रडले तर आईने दोन दिवस अर्धा तास वर्गात बसावे आणि जाताना मुलाला सांगून जावे, चोरून जाऊ नये. “मास्तरांना सांगीन हं,” अशी घरी भीती घालणे तर अगदी बंद करावे.

दिवाळीनंतरचा दुसरा जून

आता उसाकडे येतो. लागण झाली की महिन्याच्या आत आपण सरीने फिरतो. डोळे कुठे उगवले नाहीत, तुटाळ कुठे आहे ते बघतो आणि नांग्या भरतो. उशिरा भरलेली नांगी वाढत नाही, शेजारच्या उसाच्या सावलीत ती पिचकते. वर्गातही तुटाळ पडते. आपल्या ऊसपट्ट्यात ती का पडते याचे कारण आपल्याच फडात आहे.

बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतल्या अनेक तालुक्यांतून ऊसतोड मजूर आपल्याकडे येतात. त्यांची मुले जूनमध्ये तिकडच्या शाळेच्या पटावर येतात. दसरा-दिवाळीला टोळी निघते आणि पट्टा पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत जाते. हिशेब करून पाहा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असे कायदा म्हणतो. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत साधारण अठरा आठवडे होतात. सण-रविवार वजा जाता शंभराच्या आत-बाहेर दिवस हाती लागतात. म्हणजे अर्धे वर्ष शाळेत आणि अर्धे वर्ष आपल्या बांधावर. अशी दोन-तीन वर्षे गेली की पोर तिसरी-चौथीत पोचते, पण वाचता येत नाही. मग त्याच्याही हातात कोयता येतो.

यावर मार्ग निघालेले आहेत. गावी आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. स्थलांतर करणाऱ्या मुलाला त्याच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आली. मूल कितवीत आहे आणि त्याला काय येते हे त्यावर लिहिलेले असते. ते दाखवून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकते. कार्ड नसले तरी प्रवेश अडत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी कायद्याच्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे.

मग अडते कुठे? आपल्या गटातल्या शिक्षकांशी बोलल्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: “साहेब, मुलं आल्याचं आम्हाला खोप्या उठायच्या वेळेला कळतं. आधी कळलं असतं तर बसायची, खायची सोय केली असती.” आणि हे आधी कळू शकते. टोळ्यांचे करार होतात, कोणत्या गटात किती कोयते येणार याची यादी शेती खात्याकडे असते. पण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्याबरोबर येणारी दोन-तीन मुले कोणत्याच कागदावर नसतात. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी वर्ग तयार कसा होणार?

म्हणून ऊसपट्ट्यातल्या वर्गाची तयारी वर्षातून दोनदा व्हायला हवी. एक जूनमध्ये, दुसरी दिवाळीच्या सुट्टीत. दुसऱ्या तयारीला फार काही लागत नाही. पाच-सात मुलांची बसकर पट्टी, मागच्या वर्षीची जुनी पुस्तके, शालेय पोषण आहारात त्यांची भर (पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आहे) आणि हजेरीपटाच्या शेवटी त्यांची नावे. काही मुले घरी गोरमाटी बोलतात. बाईंनी त्यांच्या भाषेतले पन्नास शब्द वहीत लिहून घेतले तर ते मूल दुसऱ्या दिवशीही येते.

सभासदांनी काय करावे

ही काही वर्गणी मागण्याची यादी नव्हे. आपल्याला सहज जमतील अशीच कामे आहेत.

१. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा शाळेत जावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. आपण किंवा आपल्या घरातील सूनबाई त्यात असतील तर वर लिहिलेली छत, पाणी, कडी यांची पाहणी त्यांनी करावी आणि ठरावात लिहून घ्यावी.

२. आपल्या ट्रॅक्टरची एक खेप मुरमासाठी द्यावी. शाळेच्या दारात चिखल झाला की लहान मुलांची हजेरी घटते.

३. ट्रॅक्टर मालक व मुकादमांशी करार करताना टोळीबरोबर सहा ते चौदा वर्षांची किती मुले येणार हे विचारून चिटबॉयकडे लिहून द्यावे. ती यादी दिवाळीच्या आत मुख्याध्यापकांना पोचवण्याचे काम आमच्या गट कार्यालयाने करावे, असे मी सुचवतो आणि माझ्या खात्यापुरते ते अंगावर घेतो.

४. बैलगाडी सेंटरच्या टोळ्या हंगामभर एकाच तळावर राहतात. त्यांची मुले सबंध हंगाम एकाच शाळेत बसू शकतात. तिथून सुरुवात करावी. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावे बदलतात. त्यांच्या मुलांच्या कार्डावर प्रत्येक शाळेने दोन ओळी लिहून द्याव्यात.

५. धाकट्या भावंडाला अंगणवाडीत घेण्याची विनंती सेविकाताईंना करावी. आई-बाप पहाटे फडात जातात आणि आठ वर्षांची थोरली खोपीवर धाकट्याला सांभाळते. धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरली शाळेत येणार नाही, मग बाहेर कितीही फलक लावा.

६. फडात मूल मोळ्या ओढताना दिसले तर मुकादमाला तिथल्या तिथे सांगावे. फड आपला आहे, त्यामुळे बोलण्याचा अधिकारही आपला आहे.

आपल्या भागाला हे नवे नाही. १९१७ साली करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढे १९५० साली प्रवरेला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी कारखाना उभा केला. अशा कारखान्यांच्या मागोमाग शाळा-महाविद्यालये आली आणि त्यात आपली मुले शिकली. आपल्यापैकी कितीतरी घरांत आज इंजिनियर, शिक्षक, डॉक्टर आहेत ते त्यामुळेच. ज्यांच्या हातांनी आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्यांच्या मुलांपर्यंत ही साखळी अजून पुरी पोचलेली नाही.

येत्या जूनमध्ये आडसालीच्या बेण्यासाठी गट कार्यालयात याल तेव्हा बेण्याची नोंद करून घ्याच. त्याच टेबलावर दुसरी एक वही ठेवलेली असेल. आपल्या शाळेच्या छताचे, पाण्याचे काय आहे आणि मागच्या हंगामात आपल्या फडावर किती मुले होती, एवढे त्यात लिहून जावे. सही केली नाही तरी चालेल. आकडा मात्र खरा लिहावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी