चिलटांचे वार्धक्य

म्हातारपण का येते, असे कोणी विचारले तर आपण सहज म्हणतो, जुने गेल्यावाचून नव्याला जागा कशी होणार? जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान यांनीही १८८१ सालच्या व्याख्यानात याच धर्तीचे उत्तर दिले होते. ते मनाला पटते खरे, पण विचाराला टिकत नाही. झिजलेल्याने बाजूला व्हावे, हे ठीक. पण तो झिजलाच का, हाच तर मूळ प्रश्न! शिवाय जो प्राणी जातीच्या हितासाठी लवकर मरेल त्याची संतती थोडी, जो मरणार नाही त्याची अधिक. मग हा परोपकारी गुण वंशात टिकावा कसा?

१९५२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात पीटर मेडावर यांनी निराळी वाट दाखविली. त्यांनी दाखला दिला परीक्षानळ्यांचा. आम्ही चहाच्या दुकानातील कपांचा घेतो. समजा, हे कप कधीच जुने होत नाहीत, पण हातून पडून दर वर्षी निम्मे फुटतात. दहा वर्षांनी हजारातला एखादाच उरेल. आता अकराव्या वर्षी कान तुटावा असा दोष सगळ्याच कपांत असला, तरी दुकानदाराला त्याची काय फिकीर? निसर्गाचेही असेच आहे. उतारवयात प्रकट होणारा दोष त्याच्या नजरेत येत नाही, कारण तोवर संतती होऊन गेलेली असते. १९५७ साली जॉर्ज विल्यम्स आणखी पुढे गेले. एखादे जनुक तारुण्यात लाभ आणि वार्धक्यात हानी करीत असेल, तर निवड त्याचाच पक्ष घेईल, असे त्यांचे म्हणणे.

हा झाला तर्क. त्याची कसोटी लागली ती पिकल्या केळ्यांवर जमणाऱ्या चिलटांवर. यांची पिढी अवघ्या दहा-बारा दिवसांत उभी राहते, म्हणून प्रयोग माणसाच्या हयातीत आटोपतो. मायकेल रोझ यांनी काही वंशांत कोवळ्या माद्यांची अंडी घेतली, तर काहींत अंडी घेण्याचे वय पिढीगणिक वाढवीत नेले. उतारवयापर्यंत जगून जी अंडी घालील, तिचाच वंश पुढे! औषध नाही, रसायन नाही. बदलला तो केवळ अंडी उचलण्याचा दिवस. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: उशिराच्या वंशातील चिलटे अधिक दिवस जगत होती. त्याच वर्षी लकिनबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखविले. म्हणजे वार्धक्याची वेळ दगडावरची रेघ नव्हे. निवडीचा जोर जिथवर पोचतो, तिथवर ती मागे सरते.

याची किंमतही दिसली. या दीर्घायुषी माद्या तरुणपणी अंडी कमी घालीत. विल्यम्स यांचे भाकीत तंतोतंत उतरले, असे वाटले. पण पुढे १९९४ साली रोझ व त्यांच्या सहकाऱ्यांनाच आढळले की, त्याच वंशातील माद्या आता तरुणपणीही अधिक अंडी घालीत आहेत! देवघेवीचा हा हिशेब परिस्थिती बदलली की बदलतो, असे दिसते. शिवाय ही वाढ एका जनुकाची करामत नव्हती. अनेकांचा त्यात थोडा थोडा वाटा होता. कायाकल्पाच्या जाहिराती ज्यांना मोहवितात, त्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे. एका गोळीने एवढ्या जनुकांची समजूत निघेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.