डोंबिवली ते परळ, सांडपाण्याच्या मागावर

सकाळी ६. स्लो लोकल, लेडीज डबा. दिव्यानंतर खाडी दिसते आणि मनात हिशेब सुरू होतो: पोलिओ शोधायला आपल्या डोंबिवलीत सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर कुठून? एमआयडीसीच्या नाल्यातून मुळीच नको. विषाणू जिवंत पेशींमध्ये वाढवावा लागतो. रसायनांनी पेशीच मेल्या तर कळणार काय? मोठागावच्या मलप्रक्रिया केंद्रात येणारं घरगुती पाणी बरं. पण ज्या गावांत अजून सेप्टिक टँक आहेत, त्यांचं पाणी तिथे पोचतच नाही. राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण ४ डिसेंबर २०२१ ला कल्याण-डोंबिवलीत सापडला, तेव्हापासून सोसायटीतले विचारतात, "ताई, आपल्या गटारातही विषाणू शोधता का?" शोधायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

७.३०. परळ, हाफकीन संस्थेचं आवार. बर्फाच्या पेटीतून लिटरभर सांडपाणी आलेलं असतं. घराघरांतले संडास-मोऱ्या सकाळी गजबजतात तेव्हाच ते भरायचं. पेटीचं तापमान, बाटलीवरची चिठ्ठी, वेळ. यातलं एक चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

९. आजच्या नमुन्यातलं अर्धा लिटर घेऊन गाळ खाली बसवायचा, डेक्स्ट्रान आणि पीईजी ही पॉलिमर घालून हलवायचं आणि फनेलमध्ये रात्रभर ४ अंशांवर ठेवायचं. कालचं फनेल मात्र तयार असतं. वर करडं पाणी, तळाशी दाट थर, मध्ये दुधी पट्टा. तोटी किंचित उघडून तळाचा थर आणि तो पट्टा थेंब थेंब उतरवायचा. घाई केली की वरचं पाणी मिसळतं. अर्ध्या लिटरमधला विषाणू जेमतेम दहाएक मिलिलिटरमध्ये येतो. मला दिवसातलं हे काम सगळ्यांत आवडतं.

१२. क्लोरोफॉर्मने जिवाणू मारून नमुना पेशींवर. आरडी पेशींत पोलिओसह बरेच एंटेरोव्हायरस वाढतात. एल२०बी या उंदराच्या पेशी, पण पोलिओच्या विषाणूला आत घेणारा मानवी रिसेप्टर त्यांत बसवलेला.

डबा खाऊन २ वाजता सूक्ष्मदर्शक. संसर्ग झालेल्या पेशी गोल होऊन काचेवरून सुटतात. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांत एकालाच लुळेपणा येतो. रुग्णाची वाट पाहायची म्हणजे उशीर करायचा. म्हणून मुंबईत २००१ मध्ये डॉ. जगदीश देशपांडे आणि सहकाऱ्यांनी सांडपाणी तपासायला घेतलं. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा दिसला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. तरी तपासणी थांबवता येत नाही. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यातही लसीपासून बदललेला विषाणू निघालाच. आपल्याकडे तोंडावाटे डोस देतात, त्यामुळे लसीचा विषाणू सापडतोच. तो बदललाय का, हे जनुकक्रम वाचूनच ठरतं.

५. ब्लीच, ऑटोक्लेव्ह, नोंदी. पाचव्या दिवसाच्या फ्लास्कांत एका नमुन्याच्या आरडी गोल झाल्यात, एल२०बी शाबूत. बहुधा दुसरा एंटेरोव्हायरस, पण खात्रीसाठी उद्या ते द्रव एल२०बीवर घालायचं. रविवारी फ्लास्क बघायची पाळी माझी. मेगाब्लॉक कुठे आहे ते पाहून ठेवायला हवं.