त्सांगपोच्या पाण्यात हरवलेला मित्र

साहसाच्या खेळात कोणी बुडून गेले की आपल्याकडे दोनच उद्गार ऐकू येतात. 'हौस नडली', नाहीतर 'वेळ आली होती'. दोन्हींनी पुढची विचारपूस बंद होते. अमेरिकन कयाकपटू डग गॉर्डन याच्या सोबत्यांनी ती बंद होऊ दिली नाही. मोहिमेचे नेते विक वॉकर यांनी २००० साली त्यावर पुस्तकच लिहिले.

कयाक ही बहुधा एकट्याने चालवायची, वरून झाकलेली अरुंद नाव. नाविक तीत कमरेपर्यंत बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे मारतो. १९९८ च्या ऑक्टोबरात वॉकर, गॉर्डन, टॉम व जेमी मॅकइवन हे बंधू आणि रॉजर झबेल तिबेटमधील यार्लुंग त्सांगपोच्या घळईत गेले. नामचा बरवा (७,७८२ मीटर) शिखराला वळसा घालून हीच नदी अरुणाचलात सियांग आणि आसामात ब्रह्मपुत्रा होते. मंडळी नवखी नव्हती. जेमीने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कनू स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळविले होते; गॉर्डन हा त्याचा नद्यांवरचा जुना जोडीदार. त्या वर्षी मात्र पाणी अपेक्षेहून फार चढले होते. १६ ऑक्टोबरला एका लहान उडीवरून उतरताना गॉर्डनची नाव उलटली. ती सरळ करण्याचे प्रयत्न फसले आणि प्रवाहाने त्याला मध्यधारेत ओढून नेले.

इतक्या कसबी माणसाचे कसब तेथे का चालू नये? उंचावरून कोसळणारे पाणी तळाशी जाते, आणि पृष्ठभागावरचे पाणी उलट धबधब्याकडेच वळते. त्यात सापडलेली वस्तू घुसळत राहते. फेसात हवा मिसळलेली असल्याने जीवरक्षक जाकीट पुरेसे उचलून धरीत नाही, वल्ह्यालाही पकड मिळत नाही. शिवाय एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन! २००२ साली स्कॉट लिंडग्रेन यांच्या तुकडीने याच घळईचा वरचा टप्पा पार केला, तो हिवाळ्यात, पाणी ओसरलेले असताना.

आता शरीराकडे वळू. अतिथंड पाण्याचा स्पर्श होताच माणूस नकळत धाप घेतो. तोंड पाण्याखाली असेल तर तीच धाप घातक ठरते. एरवी एक मिनिट श्वास रोखणाऱ्यालाही तेथे काही सेकंदच रोखता येतो. थोड्याच मिनिटांत हातांची शक्ती जाते. बुडताना प्रथम प्राणवायू तुटतो आणि हृदय नंतर थांबते. मुलांच्या बाबतीत आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा क्रम परिचित आहे, परंतु बुडालेल्या प्रौढालाही तोच लागू पडतो. म्हणून येथे केवळ छाती दाबणे पुरत नाही. आधी तोंडाने श्वास द्यावेत (अमेरिकन पद्धतीत दोन, युरोपीय पद्धतीत पाच), मग छातीवर दाब. पोट दाबून पाणी काढण्याची आपल्या घाटाघाटांवरची रीत मात्र सर्वस्वी टाकाऊ आहे. तीत वेळ जातो आणि जठरातले अन्न श्वासनलिकेत उतरते. ओंकारेश्वराला सहकुटुंब जाणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

गॉर्डनच्या बाबतीत श्वास देण्याची संधीच कोणाला मिळाली नाही. सोबत्यांनी काठाने शोध घेतला. देह सापडला नाही. मोहीम तेथेच थांबवून मंडळी परतली.

मूल गमावलेले आईवडील मला निदान क्वचितच विचारतात. 'त्याला फार त्रास झाला का हो?' हा प्रश्न मात्र हमखास येतो. बुडण्यापुरते उत्तर असे, की पहिले काही क्षण भीतीचे असतात हे नाकारता येत नाही. पण प्राणवायू तुटल्यावर शुद्ध लवकर हरपते, बहुधा दोन-तीन मिनिटांच्या आतच. मी हे असेच, काही न लपविता सांगतो. ऐकणारे बराच वेळ गप्प राहतात, आणि मग मुलाविषयी बोलू लागतात.