विद्यापीठांतील दूरस्थ काम (लेखांक ४) : कर्मचाऱ्याचे घर कोठे आहे?

अमेरिकेतील विद्यापीठे घरून कामाची परवानगी देताना आधी पदाचा विचार करतात आणि मग त्या पदावरील व्यक्तीचा, हे मागील लेखांकात पाहिले. पदांची ही छाननी तशी अवघड नाही. प्रवेश-अर्ज तपासणारा, आर्थिक साहाय्याची प्रकरणे हाताळणारा किंवा संगणकयंत्रणा सांभाळणारा कर्मचारी घरी बसून काम करू शकतो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, भोजनगृहातील आचारी आणि सफाई कामगार करू शकत नाहीत, आणि यातून एकाच संस्थेत जे दोन वर्ग निर्माण होतात त्यांच्यातील असंतोष कोणत्याही धोरणपत्रकाने मिटण्यासारखा नाही. खरी गुंतागुंत परवानगी मिळाल्यानंतर सुरू होते, कारण तेव्हा प्रश्न उरतो तो कर्मचाऱ्याचे घर नेमके कोणत्या राज्यात आहे हा.

या व्यवस्थेच्या जनकांना हा प्रश्न पडला नव्हता. जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना ‘टेलिकम्युटिंग’ची, म्हणजे माणसाने कामापर्यंत जाण्याऐवजी दूरसंचाराच्या मदतीने कामच माणसापर्यंत आणण्याची, कल्पना मांडली आणि एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना घराजवळच्या छोट्या कचेऱ्यांत बसवून ती तपासूनही पाहिली. त्यांच्यासमोर त्या शहरातील वाहतुकीची कोंडी होती; कर्मचारी त्याच शहरात आणि त्याच राज्यात राहणार, हे गृहीतच होते. २०२० च्या महासाथीत कर्मचारी आईवडिलांच्या गावी किंवा स्वस्त घरांच्या राज्यांत पांगले, तेव्हा हे गृहीतक कोसळले.

दूरस्थ कामाच्या करारात कामाचे दिवस, उपलब्ध राहण्याच्या वेळा, विद्यापीठाने दिलेली साधने आणि परवानगी मागे घेण्याचा अधिकार यांची नोंद असते. परंतु त्यातील सर्वांत वजनदार नोंद पत्त्याची होय. वेतनावरील राज्याचा प्राप्तिकर, बेकारी विमा आणि कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई या तिन्ही गोष्टी साधारणतः कर्मचारी प्रत्यक्ष जेथे बसून काम करतो त्या राज्याच्या कायद्याने ठरतात. त्यामुळे एकच लिपिक दुसऱ्या राज्यात राहायला गेला, तरी विद्यापीठाला तेथे नियोक्ता म्हणून नोंदणी करावी लागू शकते. टेक्सास आणि फ्लोरिडा वेतनावर राज्याचा प्राप्तिकर आकारत नाहीत, तर न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांनी एकमेकांच्या रहिवाशांच्या वेतनाबाबत परस्पर करार केला आहे. सर्वत्र एकच नियम लावण्याची सोय नाही. कोणत्या राज्यांत राहून काम करता येईल याची यादीच काही विद्यापीठे करून ठेवतात, ती याच कारणाने.

न्यू यॉर्कचा नियम तर याच्या उलट्या दिशेने चालतो. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेर घरी काम करत असेल, तर ते दिवसही न्यू यॉर्कमध्येच काम केल्याचे धरले जातात. नियोक्त्याच्या गरजेपोटी तेथे काम करावे लागले असेल, तरच सूट मिळते. या नियमाला आव्हान दिले ते, योगायोग असा की, करकायद्याच्याच एका प्राध्यापकाने. एडवर्ड झेलिन्स्की न्यू यॉर्क शहरातील येशिवा विद्यापीठाच्या कार्डोझो विधी महाविद्यालयात शिकवत आणि शेजारच्या कनेटिकट राज्यात राहत. वर्ग नसलेल्या दिवशी त्यांचे संशोधन आणि लेखन घरीच चाले. १९९४ आणि १९९५ या वर्षांच्या वेतनापैकी घरच्या दिवसांचा वाटा न्यू यॉर्कच्या करातून वगळावा, ही त्यांची मागणी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फेटाळली. कनेटिकट मात्र तो वाटा आपल्या हद्दीत मिळवलेला मानत असल्याने एकाच उत्पन्नावर दोन राज्यांचा कर पडला. निकाल कायद्याला धरून असेल, पण न्याय्य म्हणणे कठीण आहे. आणि करकायदा शिकवणाऱ्याची ही गत, तर कुलसचिव कार्यालयातील साध्या कर्मचाऱ्याने हे सारे आपणहून ओळखावे अशी अपेक्षा कोणत्याही विद्यापीठाने धरू नये.

वेळेच्या हिशेबाचा प्रश्न यापेक्षा सरळ आहे. १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्यानुसार ज्यांना जादा कामाचा मोबदला लागू आहे, त्यांना आठवड्यात ४० तासांपुढील कामासाठी दीडपट दराने वेतन द्यावे लागते, आणि हा नियम घरालाही लागू आहे. पर्यवेक्षकाने सांगितले नसले, तरी रात्री काम होत असल्याचे त्याला ठाऊक असेल किंवा ठाऊक असायला हवे असेल, तर तो वेळ हिशेबात धरावाच लागतो. म्हणून रात्री दहा वाजता ईमेल पाठवून सकाळी उत्तर मिळाल्याचे कौतुक करणारा विभागप्रमुख नकळत विद्यापीठाचे देणे वाढवत असतो. पडद्यावरचा हिरवा ठिपका पाहून हजेरी घेण्यापेक्षा आठवड्याचे काम आधी ठरवून ते तपासणे अधिक उपयोगी ठरते.

पत्त्याचा प्रश्न मराठी वाचकांना जवळचा वाटावा असे कारण म्हणजे एच-१बी व्हिसा, ज्यावर अनेक भारतीय तेथील विद्यापीठांत संशोधक आणि संगणकतज्ज्ञ म्हणून काम करतात. या व्हिसाच्या अर्जात कामाचे ठिकाण नमूद असते, आणि २०१५ च्या सिमिओ सोल्यूशन्स प्रकरणातील निर्णयापासून, कामाची जागा मूळ महानगर परिसराबाहेर गेल्यास नियोक्त्याने सुधारित अर्ज करणे आवश्यक आहे. घर त्याच परिसरात असेल तर अर्ज लागत नाही, परंतु वेतन आणि कामाच्या अटींची सूचना नव्या ठिकाणी लावण्याचा नियम असल्याने आपल्याच नोकरीची सूचना आपल्याच घराच्या भिंतीवर दहा दिवस लावण्याची वेळ येऊ शकते.

परदेशातून केलेले काम याहून नाजूक, कारण तेथे त्या देशाचा करकायदा लागू होऊ शकतो आणि नियंत्रित तांत्रिक माहिती लॅपटॉपवरून देशाबाहेर नेल्यास अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण कायद्याचा भंग होऊ शकतो. त्यामुळे सुटीला जोडून काही आठवडे पुण्याहून किंवा पणजीहून तेथील काम करण्याचा बेत असणाऱ्यांनी विभागप्रमुखाच्या तोंडी होकारावर न विसंबता, विमानाचे तिकीट काढण्याआधी मनुष्यबळ विभागाची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळाली नाही, तर तेवढे दिवस रजा टाकावी.